अंगणात थांबलेले रहांगडाले सर

रहांगडाले सर रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी जायचे आणि आत पाऊल न टाकता परत यायचे. शाळा तालुक्याच्या गावी, आणि घर बोदलकसा तलावाच्या अलीकडे, आमच्याच गावात. शाळा सुटली की सर सायकल काढायचे, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या रस्त्याने घामाघूम होऊन यायचे आणि अंगणात सायकलला टेकून उभे राहायचे. मग त्यांचे वडील काठी टेकत ओसरीवर यायचे. त्यांना सगळं गाव बाबूजी म्हणायचं.

"औषध घेतलं?"

"घेतलं."

"गाईला चारा?"

"भुमेशनं टाकला."

भुमेश म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. तो बाबूजींजवळ राहायचा आणि सरांच्या सायकलची चाहूल लागली की मागच्या दाराने गोठ्यात निघून जायचा. त्याचं नाव निघालं की सर खिशातून रुमाल काढून सायकलची घंटी पुसायचे. ती आधीच लख्ख असायची. मग "येतो" म्हणून सायकल वळवायचे आणि शाळेजवळच्या भाड्याच्या खोलीवर परत जायचे.

आमचं घर समोरच होतं. माझे वडील तलावात जाळं टाकायचे, आई मासोळ्या विकायची. ती हे रोज पाहायची आणि रोज म्हणायची, "सोताच्या घरी पाव्हण्यावानी येते हा मास्तर. पाव्हणा तरी पानी पिते."

आठवीत मी तालुक्याच्या शाळेत गेले आणि अंगणातले हे गप्प गृहस्थ चित्रकलेच्या तासाला मला वेगळेच दिसले. तिथे ते बोलायचे, हसायचे, चिडवायचे. कोणी घाईने रेघोट्या ओढायला लागलं की त्याच्या मागे जाऊन उभे राहत. "काऊन पळून राहिला गा? कागद काही पळून नाही जाऊन राहिला." रंग पातळ केला की म्हणत, "बोदलकसा रिकामा करून आणला का रे डब्यात?" मला ते आडनावाने हाक मारायचे. "नान्हे, आधी बघ. मग पुन्हा बघ. मग पेन्सिल उचल." आजही एखादं अवघड काम समोर आलं की मला हेच आठवतं.

चित्रकलेच्या खोलीत फळ्याच्या बाजूला एक चौकट टांगलेली होती. मिशनच्या एका दवाखान्याच्या जुन्या कॅलेंडरचं पान काचेत बसवलेलं. हॉलंड देशातल्या एका चित्रकाराने साडेतीनशे वर्षांपूर्वी तैलरंगात केलेल्या चित्राची ती छापील नक्कल होती. काळपट अंधार. त्यात लाल वस्त्र पांघरलेला, डोळ्यांनी अधू झालेला एक म्हातारा. त्याच्या पुढ्यात गुडघे टेकून बसलेला तरुण, डोकं भादरलेलं, अंगावर चिंध्या. एका पायातली वहाण गळून पडलेली, तळवा झिजलेला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात त्या तरुणाच्या पाठीवर.

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला सर या चित्रातले फक्त हात काढायला लावायचे, चौकटी आखून, चुकले की पुन्हा. "तोंड कोणीही काढते. हात काढा. एक हात बघा, दणकट आहे, बापाचा. दुसरा बघा, कसा नाजूक आहे. तो आईचा आहे. चित्रात आई नाही, म्हणून चित्रकाराने तिचा हात बापाला देऊन टाकला." माझ्या त्या हातांचा कागद मी घरी नेला, तर माझ्या वडिलांनी बराच वेळ पाहून विचारलं, "वैदू हाये का हा? पाठ दाबून राहिला त्याची." दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला बरोबर दिसलं."

गोष्टही त्यांनीच सांगितली. बायबलातली, येशूने लोकांना सांगितलेली. एका बापाला दोन मुलं. धाकट्याने जिवंत बापाकडून आपला हिस्सा मागून घेतला, लांबच्या मुलखात जाऊन उडवला. दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली. शेवटी तो परत निघाला. मनाशी ठरवलं होतं, बापाला म्हणायचं, मला मुलगा म्हणू नका, गडी म्हणून ठेवा. पण बापाने त्याला लांबूनच पाहिलं आणि धावत जाऊन मिठी मारली. नवे कपडे दिले, जेवणावळ घातली.

"एवढीच गोष्ट," सर म्हणाले.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, दोन मुलं म्हणाले ना तुम्ही. दुसरा कुठे होता?"

"शेतात होता," सर म्हणाले. "चला, चौकटी आखा."

बारावी झाल्यावर मी नागपूरला शिकायला गेले ते सरांमुळे. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. वडील म्हणत होते, पोरीला एवढ्या दूर कायले धाडायचं. सर आमच्या घरी आले. आत आले, चटईवर बसले, आईने दिलेला चहा प्यायले आणि उठायचं नावच घेईनात. वडील जाळं दुरुस्त करत होते. सरांनी जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं आणि फाटलेल्या जागा शोधून देत राहिले. शेवटी वडीलच म्हणाले, "जाऊ दे मास्तर, जाते पोट्टी. तुम्ही जेवून घ्या आता." सर त्या दिवशी आमच्या घरी जेवले. समोरच्या त्यांच्या घरी बाबूजी ओसरीत बसून इकडे बघत होते. आमच्या घरात जेवणारा माणूस वीस पावलांवरच्या स्वतःच्या घरात का जेवत नाही, हे विचारायची माझी तेव्हा हिंमत नव्हती.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात चित्रकलेवरचा एक जाड ग्रंथ चाळत होते. सरांचं चित्र समोर आलं आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या मुलीला मी हलवून दाखवलं. मग लक्षात आलं की हे चित्र मोठं आहे. आमच्या शाळेतलं जिथे संपतं, तिथून उजवीकडे ते अजून पुढे जातं. तिथे एक उंच माणूस उभा आहे. त्याच्याही अंगावर बापासारखंच लाल वस्त्र. हातात काठी, काठीवर हातांची घट्ट जुडी. तो मिठीकडे पाहतो आहे, पण पुढे येत नाही. खाली लिहिलं होतं, थोरला मुलगा. पुढची गोष्टही त्या पुस्तकात होती. थोरला शेतातून परतला, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकला, आणि रागावून बाहेरच थांबला. बाप त्याला समजवायला बाहेर आला. तो आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेलं नाही.

मी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. मला वाटलं, सरांना कॅलेंडरचं पान अर्धवटच मिळालं असेल, बिचाऱ्यांना पूर्ण चित्र ठाऊकच नसेल. दसऱ्याच्या सुटीत गावी आले ती आधी शाळेतच गेले. सर एकटेच रंगाच्या वाट्या धूत होते. मी मोबाइल पुढे केला.

"सर, बघा, आपल्या चित्रात एक माणूस कमी आहे."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो पाहिला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीच कापला. चौकट लहान होती." वाट्या पालथ्या घातल्या, मग म्हणाले, "चौकट लहान नव्हती."

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. नागपूरला मोठ्या चित्रकला महाविद्यालयात त्यांचा नंबर लागला होता. त्याच उन्हाळ्यात भुमेशने आपल्या वाट्याच्या, तलावाखालच्या चांगल्या बांध्या विकल्या आणि तो निघून गेला. बाबूजी एकटे पडले, आईने अंथरूण धरलं. सर घरी राहिले, जवळच्या शाळेत चित्रकला शिक्षक झाले. सकाळी बांधीत, दुपारी शाळेत, रात्री आईच्या उशाशी. त्यातच लग्नाचं वय निघून गेलं. आई "भुमेश आला का" म्हणत गेली. भुमेश तिच्या मातीलाही आला नाही.

"हे चित्र मी तेव्हा लावलं, आई गेल्यावर. अख्खं लावलं होतं. तो कुठे असेल, जेवला असेल का, असं वाटायचं मला. रडायचोही. त्या उभ्या माणसाकडे मी कधी पाहिलंच नाही. मला वाटायचं, या चित्रात मी बाप आहे."

मग एक दिवस भुमेश परत आला. आजारी, नुसता हाडांचा सापळा. बाबूजींनी काही विचारलं नाही. कोंबडा कापला, शेजारीपाजारी बोलावले. सर शाळेतून आले तेव्हा अंगणात पंगत बसली होती आणि आत भुमेश सरांचा सदरा घालून पाटावर बसला होता.

"दुसऱ्या दिवशी तासाला चित्राकडे पाहिलं, तर तो उभा माणूस माझ्याकडे बघत होता. मधल्या सुटीत कात्री घेतली. आणि संध्याकाळी घरी न जाता शाळेजवळ ही खोली घेतली."

समजूत घालायचं माझं वय नव्हतं. पण घरी जाताना मला एक गोष्ट सारखी टोचत होती. इतकी वर्षं सरांनी आम्हाला माफ करणारे हात शिकवले, आणि ते शिकवताना स्वतः मात्र पाठ फिरवून उभे राहिले.

आमच्या भागात हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला की नवं खातात. नव्या तांदळाचा पहिला भात देवापुढे ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून पहिला घास घ्यायचा. त्याआधी कोणी नवा तांदूळ तोंडात घालत नाही. भाऊ वेगळे राहत असले तरी त्या दिवशी एका चुलीवरचं खातात. भुमेश आल्यापासून बाबूजींच्या घरी नवं झालंच नव्हतं. रोज अंगणापर्यंत येणारा मुलगा पंगतीत नाही म्हणून बाबूजी वर्षभर बाजारचा जुना तांदूळ खायचे. आपल्याच बांधीतला नवा धान आपल्याच घरात शिजवता येत नाही, अशी त्या म्हाताऱ्याची स्थिती होती.

त्याच सुटीत बाबूजींनी मला हाक मारली. त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

"वंदना होय का? तुह्या मास्तरले घेऊन ये उद्या. मी नवं करून राहिलो. माह्यानं आता पुढच्या सालची वाट नाही पाहवत."

मी सरांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल आली. नेहमीसारखी अंगणात थांबली. दारातून आत पाटावर बसलेला भुमेश दिसत होता. आज तो गोठ्यात गेला नव्हता. मान खाली घालून पानापुढे बसला होता. मी आमच्या दारात उभी होते.

बाबूजी भिंत चाचपत बाहेर आले. सरांना ते घरच्या नावाने दुली म्हणायचे. "आत ये दुली. तुह्याशिवाय कोणाच्या तोंडात घास नाही गेला."

"इथंच बरं आहे बाबूजी."

"अंगणात कोणी नवं खाते का गा?"

आणि या अंगणात एरवी मोजकं, शुद्ध मराठीत बोलणारे सर एकदम गावच्या बोलीत फुटले. "मी नोकरीले लागलो तवा कोंबडा कापला का तुम्ही? इतके वर्षं बांधीत राबलो, मायचं सारं केलं. कधी म्हटलं का, दुली, आज तुह्या नावानं जेवू? अन् तो सारं इकून आला, त त्याच्यासाठी गाव जेवू घातलं!"

बाबूजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. ते रागावले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"तुह्यासाठी कायले कापू कोंबडा? तू कुठं गेलता? घरच्या मानसासाठी कोणी कोंबडा कापते का? सारं तुहंच त होतं दुली. मले वाटलं, तुले माहीत हाये."

"मले नव्हतं माहीत," सर म्हणाले.

बाबूजींनी भुमेशला भात आणायला लावला. एक पान त्यांनी स्वतः सरांच्या हातात दिलं. मग ते दारात आडवे बसले, बरोबर उंबरठ्यावर, जिथे आमच्याकडे कोणी बसत नाही. "तू बाहेर जेव, तो आत जेवते. मी मधात बसतो." असं म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. नव्याचा घास टाकता येत नाही, म्हणून सरांनी उभ्याउभ्या खाल्ला. आत भुमेशने खाल्ला. दोघांच्या मध्ये म्हाताऱ्याची वाकलेली पाठ होती. पान पुसून सरांनी सायकल वळवली. बाबूजींना हवी होती ती पंगत काही झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबूजी गेले. अग्नी सरांनी दिला. भुमेश मागे, लोकांच्यात उभा राहिला. तेरवीच्या दिवशी त्याने आचाऱ्यांबरोबर राबून शेवटची पंगत उठेपर्यंत वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. कोणाला काही न सांगता निघून गेला होता. आता घरात जाण्यापासून सरांना अडवणारं कोणी नव्हतं. ते खोली सोडून घरी राहायला आले. माझी आई म्हणाली, "झालं मास्तरच्या मनासारखं." सरांकडे पाहून मात्र तसं वाटत नव्हतं. चुलीपुढे ते एकटे बसायचे. गाईला चारा टाकताना थबकायचे, कुठे काय ठेवलं आहे ते त्यांना सापडायचं नाही. इतक्या वर्षांत गोठा भुमेशने आपल्या सोयीने लावला होता.

माझ्या वडिलांच्या मासोळ्या हमरस्त्यावरच्या कोहमारा गावाला नेणाऱ्या टेम्पोवाल्याने बातमी आणली. भुमेश तिथल्या फाट्यावरच्या एका धाब्यावर काम करतो. मी परीक्षा देऊन गावी आलेली होते. सर आमच्या दाराशी आले.

"नान्हे, येतेस का कोहमाऱ्याला? एकटा गेलो तर फाट्यावरूनच परत येईन."

गोंदियाहून बस पकडून आम्ही दुपारी उतरलो. सगळीकडे ट्रक, धूळ, हॉर्न. रस्त्यापलीकडच्या धाब्यात खांद्यावर फडकं टाकलेला भुमेश ट्रकवाल्यांना वाढत होता. "भैया, चावल और लाऊँ?" असं त्याचं चाललं होतं. सर रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले. ट्रक जात होते, मध्ये मोकळा रस्ता दिसत होता, पुन्हा ट्रक येत होते. इथे शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि रस्ता ओलांडला.

भुमेशने त्यांना पाहिलं, आणि हातातली बादली खाली ठेवली. तो गावी परत आल्यापासून भाऊ त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"जेवले का दादा?" तो म्हणाला.

"नाही."

"बसा."

त्याने बाकडं पुसलं, ताट आणलं, भात वाढला, वरण वाढलं, कांदा चिरून ठेवला. सर ताटाकडे बघत राहिले.

"तू?"

"मी मागून जेवतो. गिऱ्हाइक हाये."

"नाही," सर म्हणाले. "माह्या संगं बस."

भुमेशने मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाला, "बैठ जा यार, भाई आया है तेरा." भुमेश फडक्याला हात पुसत सरांच्या शेजारी बसला. दोघंही खाली बघून जेवले. माफीचा शब्द कोणीच काढला नाही. एकदाच सर म्हणाले, "गाय दूध नाही देऊन राहिली." भुमेश म्हणाला, "तिले आंबोणात मीठ लागते." एवढंच.

निघताना सरांनी विचारलं, "घरी चालतो?"

भुमेशने रिकामी ताटं उचलली. "बाबूजी होते तवा त्यांच्या घरी होतो मी. आता तिथं मले झोप नाही येनार दादा. इथं बरं हाये."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं, आज सगळं मिटेल. तसं काही झालं नव्हतं. सरांनी इतकी वर्षं जे दिलं नाही, ते आज त्यांनी दिलं, आणि समोरच्याला ते घ्यायला उशीर झाला होता.

मी आता शिकवते. माझ्या नोकरीचे पेढे द्यायला गावी गेले तेव्हा सर निवृत्त झालेले होते. सायकल काढून कुठेतरी निघण्याच्या तयारीत होते, हँडलला डबा अडकवलेला. मी पेढा दिला, पाया पडले आणि विचारलं, "भुमेशकाका आले का हो घरी?"

"तो काही येत नाही म्हणते," सर म्हणाले. "मी जातो ना दर रविवारी."

आणि कोहमाऱ्याची बस चुकेल म्हणून ते सायकलवर बसून घाईने निघाले.